दहा बोर्ड चालले म्हणून हजाराची ऑर्डर? आधी या चुका टाळा

टेबलावर दहाच्या दहा बोर्ड चालले, रिले (विजेवर चालणारे छोटे स्विच) टकाटक वाजले, की हात शिवशिवतात आणि हजाराची ऑर्डर जाते. वाळूज, चिकलठाण्याच्या शेडांमध्ये पंपाचे ऑटो (लाइट आली की मोटार आपोआप चालू करणारे), मोबाइल स्टार्टर (फोनवरून मोटार चालू-बंद करणारे), ठिबकचे टायमर बनवणारी बरीच मंडळी इथंच अडकतात. दहा बोर्ड चालले म्हणजे सर्किट बरोबर आहे, एवढंच कळलं. हजार बोर्ड तसेच बनतील का आणि शिवारातल्या लायटीवर टिकतील का, हे अजून कळायचं आहे. मोठ्या ऑर्डरआधी सॅम्पलचा छोटा लॉट काढायचा तो त्यासाठीच. खाली उदाहरण मोबाइल स्टार्टरच्या कार्डाचं घेतलंय, कारण मराठवाड्यात सगळ्यात जास्त मार तेच खातं.

वर्कशॉपच्या लायटीवर पास करणं

एमआयडीसीची लाइट आणि गावाच्या डीपीवरची लाइट यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दोन फेजमध्ये कागदावर ४१५ व्होल्ट असतात. सगळ्या मोटारी एकदम चालू झाल्या की ते तीनशेच्या घरात येतात आणि रात्री शेजारच्या मोटारी बंद झाल्या की वर चढतात.

आता हिशोब करून बघा. कार्डावर ४१५ ला १२ व्होल्ट देणारा छोटा ट्रान्सफॉर्मर आहे. इनपुट ४७० झालं तर सेकंडरीला साधारण १३.६ व्होल्ट येतात आणि ब्रिजनंतर (एसीचं डीसी करणारे चार डायोड) कपॅसिटरवर १८ च्या आसपास. लोड नसेल तर त्याहून जास्त, कारण छोटे ट्रान्सफॉर्मर रिकामे असताना आणखी वर जातात. तिथं १६ व्होल्टचा कपॅसिटर बसवला असेल तर टेबलावर तो महिनोन्‌महिने चालेल आणि शेतात डोक्यावर फुगेल. २५ चा घ्या, ३५ चा मिळाला तर उत्तम. त्याच वेळी ७८०५ वर (५ व्होल्ट काढून देणारी रेग्युलेटर आयसी) जवळजवळ १३ व्होल्ट पडतात. २०० मिलीअँपिअर ओढले तरी अडीच वॅट उष्णता झाली, ती हीटसिंकशिवाय निघत नाही.

उलट बाजूनं इनपुट ३०० झालं की कपॅसिटरवर ११ च्या आत उरतात आणि लोडवर त्यात लाटा येतात. १२ व्होल्टचा रिले सहसा नऊच्या आसपास ओढतो. त्यामुळे तो ओढतो-सोडतो करत राहतो, त्याच्यामागं कॉन्टॅक्टर (मोटारीला लाइट देणारा स्टार्टरमधला मोठा स्विच) थरथरतो आणि त्याचे पॉइंट जळतात. गिऱ्हाईक म्हणणार, ‘तुमच्या ऑटोनं स्टार्टर खाल्ला.’

म्हणून थ्री फेज डिमरस्टॅट आणा, म्हणजे व्होल्टेज हवं तसं कमी-जास्त करणारा ट्रान्सफॉर्मर. शून्य ते ४७० व्होल्टचा मिळतो, विकत नको असेल तर भाड्यानं किंवा ओळखीनं. लॉटमधले दोन-तीन बोर्ड त्यावर हळूहळू खाली-वर फिरवा आणि रिले कुठल्या व्होल्टेजला ओढतो, कुठं सोडतो ते लिहून ठेवा. खऱ्या कॉन्टॅक्टरची कॉइलही जोडा. नुसत्या बल्बवर टेस्ट केलेलं कार्ड कॉइल तुटताना बसणाऱ्या झटक्यानं रिसेट होतं. तसं झालं तर कॉइलवर आरसी स्नबर (झटका जिरवणारी रेझिस्टर-कपॅसिटरची जोडी) टाका, आणि मायक्रोकंट्रोलरचा ग्राउंड रिलेच्या ग्राउंडमधून फिरून येतोय का ते ट्रॅकवर बघा. हे दोन्ही लेआउटमध्ये आत्ताच बदलता येतं.

शहरात कॉल लागला म्हणून जीएसएम पास

सिम८०० घराण्यातलं जीएसएम मॉड्यूल (कार्डावरचा सिम घालायचा, मोबाइल नेटवर्कशी बोलणारा भाग) सिग्नल पाठवताना क्षणभर २ अँपिअरपर्यंत करंट ओढतं. तो झटका ५७७ मायक्रोसेकंदांचा असतो, मल्टिमीटरला त्याचा पत्ताही लागत नाही. टॉवर जवळ असेल तर मॉड्यूल कमी ताकदीनं बोलतं, म्हणून संभाजीनगरात सगळं सुरळीत वाटतं. तेच कार्ड आष्टी-पाटोद्याकडं बालाघाटाच्या खोलगट शिवारात नेलं की मॉड्यूल पूर्ण ताकद लावतं, सप्लाय ३.४ व्होल्टच्या खाली बुडतो आणि मॉड्यूल बंद पडतं. फोनवर तक्रार येते, ‘नेटवर्क येतं, लगेच जातं.’ मग सगळे अँटेनाच्या मागं लागतात.

आधी ऑसिलोस्कोप लावा, तो असे झटके पडद्यावर दाखवतो. स्वतःचा नसेल तर जवळच्या इंजिनीअरिंग कॉलेजात ओळख काढा. मॉड्यूलच्या अगदी पायाशी कमी ईएसआरचा (आतला रोध कमी असलेला) मोठा कपॅसिटर आणि तिथवर रुंद, आखूड ट्रॅक, एवढ्यानं बहुतेक वेळा काम होतं. सॅम्पलपैकी निदान एक बोर्ड रेंज जेमतेम येते अशा ठिकाणी आठवडाभर ठेवा.

सॅम्पल एका मालाचा, लॉट दुसऱ्याचा

सॅम्पलला दुकानातून पार्ट आणले, मोठ्या ऑर्डरला पर्चेसवाल्यानं ‘सेम टू सेम’ म्हणत दुसरे घेतले, ही गोष्ट रोजची आहे. बीसी५४७ ट्रान्झिस्टरच्या जागी प्लास्टिक बॉडीचा पीएन२२२२ए आला तर तो सपाट बाजूनं बघितल्यावर डावीकडून एमिटर, बेस, कलेक्टर असा असतो. बीसी५४७ बरोबर उलटा, कलेक्टर, बेस, एमिटर. छपाईप्रमाणं बसवला की रिले ड्रायव्हरच उलटा, तोही प्रत्येक बोर्डावर. सिरॅमिक कपॅसिटरचं दुखणं याहून छुपं आहे. १० मायक्रोफॅरडचा, ६.३ व्होल्टचा बारीक कपॅसिटर ५ व्होल्टवर चालवला तर त्याची क्षमता बरेचदा निम्म्यावर येते. बीओएममध्ये (पार्टच्या यादीत) नुसती व्हॅल्यू लिहू नका. कंपनी, पूर्ण पार्ट नंबर, व्होल्टेज आणि चालणारा पर्याय, सगळं लिहा. सॅम्पलचा लॉट त्याच मालातून काढा.

असेंब्लीही तिथंच करा जिथं हजार बोर्ड होणार आहेत. हातानं डाग मारलेल्या बोर्डावरून मशीनबद्दल काही कळत नाही. पिक अँड प्लेसच्या (पार्ट उचलून बोर्डावर ठेवणाऱ्या मशीनच्या) फाइलमध्ये डायोड १८० अंशांत उलटा असेल तर मशीन तो मुकाट्यानं उलटाच बसवत जातं. असेंब्लीवाल्याला बजावून सांगा, पहिला बोर्ड झाला की थांबायचं, आम्ही बघू, मग पुढं. त्याला हे आवडत नाही, तरी सांगा.

आणि बोर्ड मागवण्याआधी लेआउटचा एकास एक प्रिंट काढून त्यावर खरा रिले, ट्रान्सफॉर्मर, टर्मिनल ठेवून बघा. दोन रुपयांच्या कागदात चुकलेलं फूटप्रिंट (पार्टसाठी बोर्डावर ठेवलेली जागा आणि भोकं) सापडतं.

मे महिना विसरणं

परभणी-नांदेडला मे महिन्यात पारा ४२-४४ ला जातो, आणि उन्हातल्या पत्र्याच्या पेटीत त्याहून कितीतरी जास्त. इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरचं आयुष्य दर १० अंशांना ढोबळमानानं निम्मं होतं, म्हणून ८५ अंशांच्या रेटिंगचा माल घेऊच नका. बंद पेटीत बल्ब लावून ६५-७० अंशांवर कार्ड दिवसभर चालवा. पेटीत पाली शिरतात, मुंग्या घर करतात, पावसाळ्यात ओल धरते. मेन्सच्या आणि ५ व्होल्टच्या ट्रॅकमध्ये सहा-आठ मिलिमीटर अंतर आणि मध्ये खाच ठेवा, वरून ओल अडवणारं कोटिंग. कोटिंगनंतर टेस्ट पुन्हा घ्या, ते कनेक्टरमध्ये उतरलेलं असतं.

बोर्डाला नंबर नाही, टेस्ट पॉइंट नाही

प्रत्येक बोर्डावर नंबर आणि प्रोग्रामचं व्हर्जन लिहा. नाहीतर परत आलेला बोर्ड दुरुस्तीआधीचा की नंतरचा, यावरच दुपार जाते. सप्लाय, रिसेट, प्रोग्रामिंग आणि रिलेच्या सिग्नलला टेस्ट पॉइंट लेआउटमध्येच ठेवा, म्हणजे पुढं पोगो पिनचं जिग (बोर्ड दाबला की स्प्रिंगच्या पिना सगळ्या पॉइंटला टेकतात असा साचा) बनवता येतं. हजार बोर्ड क्लिपा लावून तपासणारा पोरगा पहिल्याच दिवशी कंटाळतो आणि मग नुसता एलईडी बघून पास करतो.

वायरमनला न दाखवणं

सॅम्पल बहुतेक जण ओळखीच्या शेतकऱ्याला देतात. द्याच, पण कार्ड बसवणार वायरमन आहे, म्हणून त्याच्या हातात आधी द्या आणि काही न सांगता बघत उभे राहा. बारीक टर्मिनलमध्ये त्याची अ‍ॅल्युमिनियमची जाड वायर जात नाही, मग तो चार तारा छाटून उरलेल्या कोंबतो. टर्मिनलवरचं आर, वाय, बी वायरी लावल्यावर झाकून जातं. मोठं टर्मिनल घ्या, अक्षरं बोर्डाच्या आतल्या बाजूला घ्या आणि मगच गर्बर फाइल (बोर्ड छापायची फाइल) पाठवा.