पवनचक्की फिरते, पण वीज कुठे जाते? या चुका टाळा

एक किलोवॉटची पवनचक्की म्हणजे तासाला एक युनिट, असा हिशेब मांडून हॉटेलं, वर्कशॉप आणि शाळा हमखास फसतात. लेबलवरचा आकडा साधारण सेकंदाला 11-12 मीटर वाऱ्याचा असतो. वेग निम्म्यावर आला की वाऱ्याची ताकद आठव्या हिश्श्यावर येते. सेकंदाला 4 मीटर असा सलग वारा असेल, तर 2 मीटर व्यासाच्या चक्रातून जेमतेम 35-40 वॉट निघतात. दिवसभरात एक युनिटही नाही! साताऱ्याच्या पठारांवरसुद्धा खरा वारा जून ते सप्टेंबर. त्यामुळे जोडीला सोलर हवंच. ढगांनी ते मंदावतं तेव्हाच नेमका वारा जोरात असतो.

गच्चीचा मोह सोडा. कठड्यावरून चढणारा वारा भोवरे घेत येतो, चक्कीचं तोंड सारखं फिरत राहतं, बेअरिंग लवकर जातं आणि घरघर स्लॅबमधून खालच्या खोल्यांत उतरते. 150 मीटरच्या आतल्या सर्वांत उंच अडथळ्यापेक्षा पात्यांचं खालचं टोक निदान 9 मीटर वर ठेवा. शेजारची निलगिरी अजून वाढणार आहे, तेही धरा.

सगळ्यात महागात पडतं ते सोलरचाच कंट्रोलर, म्हणजे बॅटरीचं चार्जिंग सांभाळणारा डबा, चक्कीला जोडणं. बॅटरी भरली की तो जोडणी तोडतो. पॅनलला त्याचं काहीच नाही. चक्कीवरचा भार मात्र गेला की ती सुसाट सुटते, व्होल्टेज चढतं, कंट्रोलर जळतो, प्रसंगी पातंही तुटतं. तिला डम्प लोड लागतो, म्हणजे जादा वीज खाणारी हीटर कॉइल, चक्कीच्या कमाल उत्पादनापेक्षा जास्त क्षमतेची. बॅटरी काढायची असेल तर आधी ब्रेक, मग वायर. तिन्ही फेज, म्हणजे चक्कीतून येणाऱ्या तिन्ही वायर, एकमेकांना जोडून शॉर्ट करणारा ब्रेक सोसाट्याच्या वाऱ्यात मारू नका, वाइंडिंग (जनरेटरमधली तारेची गुंडाळी) जळू शकतं.

केबलमध्ये कंजुषी नको. 24 व्होल्टवर एक किलोवॉट म्हणजे 42 अँपिअर. 10 चौरस मिमी तांब्याच्या 30 मीटर डीसी लाइनमध्ये चार व्होल्टहून जास्त वाटेतच जातात. 48 व्होल्टवर निम्मेच.

वारा असूनही चक्र जड फिरतंय? वारा पडल्यावर चक्र थांबवून कंट्रोलरकडच्या तिन्ही वायर सोडा, टोकं एकमेकांना लागू देऊ नका आणि चक्र हाताने फिरवून पाहा. हलकं फिरलं तर रेक्टिफायरचा (चक्कीच्या एसी विजेची डीसी करणाऱ्या भागाचा) डायोड शॉर्ट असेल किंवा ब्रेकचा स्विच अडकला असेल. तरीही जडच असेल, तर केबलमध्ये किंवा वाइंडिंगमध्ये शॉर्ट शोधा, बेअरिंगही तपासा. चक्र फिरताना गुरगुरत, थरथरत असेल, तर बहुधा एक फेज तुटलेली असते. मल्टिमीटरने सोडलेल्या वायरच्या, दोन-दोन घेऊन, तिन्ही जोड्यांचा रोध मोजा, तो सारखाच यायला हवा.