खिडकीची काच बदलायचीय? दुकानात काय बोलायचं ते आधी बघून घ्या

घरी आपण म्हणतो तावदान फुटलं, पण काचेच्या दुकानात तावदान म्हणालात तर समोरचा नुसता बघत राहतो. भिंतीत पक्की असते ती चौकट, उघडमीट होते ती झडप, तिला हल्ली सगळे शटर किंवा पल्ला म्हणतात, आणि त्या पल्ल्यात बसते ती काच. मला काच हवी होती आणि मी फोनवर "शटर बदलायचंय" बोलून बसलो, तर अख्ख्या पल्ल्याचं कोटेशन आलं!

जाडी एमएममधे सांगायची, बाकी माप इंच आणि सूतमधे. आठ सूत म्हणजे एक इंच, म्हणून "चौदा इंच तीन सूत" असं बोलतात. पाच एमएमच्या ऐवजी पाच सूत बोललात तर दुकानदार हसेल. रुंदी आधी, उंची नंतर, हे पण पाळा. बाथरूमसाठी मी उभ्या रेघांची फ्लूटेड काच घेतली तेव्हा उलटं सांगितलं, काच बसली बरोब्बर पण रेघा आडव्या, आता रोज दात घासताना तेच बघतो.

लाकडी खिडकीत काच खाचेत असते आणि वरून चुका म्हणजे बारीक खिळे मारून पट्टी ठोकलेली असते, ती बीडिंग. जुन्या घरात बीडिंगच्या जागी लांबी म्हणजे पुट्टी भरलेली सापडते, वाळून दगड झालेली, ती पटाशीने हळूहळू उकरायची. खाचेचं माप वर, मधे, खाली असं तीन ठिकाणी घ्या, सगळ्यात कमी येईल ते धरा आणि त्यातून एक सूत कमी करा, पावसाळ्यात लाकूड फुगतं ना. स्लायडिंगमधे मात्र काचेची कड रबरासकट सेक्शनच्या, म्हणजे पल्ल्याच्या कडेच्या पोकळ पट्टीच्या, आत गेलेली असते त्यामुळे दिसते त्यापेक्षा काच मोठी असते, तिथे टेप लावत बसू नका, पल्ला वर उचलून ट्रॅकमधून काढा आणि सरळ दुकानात न्या.

आता प्रकार. साधी काच फुटली की सुरीसारखे तुकडे होतात, टफनचे, म्हणजे भट्टीत तापवून कडक केलेल्या काचेचे, बारीक खडे होतात, पण टफन एकदा भट्टीतून निघाली की कापता येत नाही आणि भोकही पाडता येत नाही, म्हणून दरवाजाला घेताना हँडल आणि लॉकची भोकं आधीच सांगून ठेवा. लॅमिनेटेड म्हणजे दोन काचांमधे चिकट फिल्म, फुटली तरी जागेवर राहते, त्यामुळे गॅलरीच्या रेलिंगला मी तीच घेईन. डबल ग्लेझिंग वेगळं, त्यात दोन काचांमधे बंद पोकळी असते, लोक ह्या दोघींत सारखा घोळ करतात. फ्रॉस्टेडची खरखरीत बाजू पाणी लागलं की पारदर्शक दिसायला लागते, म्हणून बाथरूममधे गुळगुळीत बाजू आत.

रेट स्क्वेअर फुटावर असतो, पण काही जण माप तीन इंचाच्या पुढच्या पटीला धरून (चौदा असेल तर पंधरा) बिल करतात, तेवढं कापायच्या आधी विचारून घ्या.