अज्ञान कोणते आणि मूर्खपणा कोणता, हे कसे ओळखावे

आमच्या सांगली भागात ‘अडाणी’ आणि ‘खुळा’ हे शब्द कोणी एकमेकांच्या जागी वापरत नाही. बँकेत एखादी म्हातारी ‘मी अडाणी हाय, एवढं भरून दे बाबा’ असे म्हणून स्लिप निःसंकोच पुढे करते. ‘मी खुळी हाय’ असे मात्र ती कधीही म्हणणार नाही, आणि तिचे बरोबरच आहे. जे आपल्यापर्यंत पोचलेच नाही त्याची उणीव म्हणजे अज्ञान. जे पोचले ते बाजूला सारणे म्हणजे मूर्खपणा. म्हणून चूक कोणत्या जातीची हे ठरवताना माणसाला किती ठाऊक होते एवढेच न पाहता, ठाऊक झाल्यावर त्याने काय केले हे पाहावे.

कृष्णेच्या पुराइतके याचे स्वच्छ उदाहरण मला दुसरे माहीत नाही. सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाण्याची उंची फुटांत मोजतात. 40 फूट ही इशारा पातळी आणि 45 फूट ही धोका पातळी. ऑगस्ट 2019 मध्ये ‘2005 ला पाणी पायरीपर्यंतच आलं होतं, त्याच्या वर येत नाही’ असे म्हणून जे घरात थांबले, त्यांना मूर्ख म्हणणे अन्यायाचे आहे, कारण त्यांच्या आठवणीतला सर्वांत मोठा पूर तोच होता, आणि पाणी 57 फुटांवर जाऊन 2005 ची खूण बुडवील असे सांगणारा अनुभव त्यांच्यापाशी नव्हता. पण जुलै 2021 मध्ये नदी पुन्हा चढू लागली तेव्हा, भिंतीवरची 2019 ची रेघ समोर असतानाही ज्याने तेच वाक्य उच्चारले, त्याला अज्ञानाचा आडोसा घेता येत नाही. मात्र दावणीची जनावरे न्यायला वाहन नाही किंवा अंथरुणाला खिळलेले माणूस घरात आहे म्हणून जो थांबला, तो अज्ञानीही नव्हे आणि मूर्खही नव्हे. त्याला उपदेश न करता ट्रॅक्टर पाठवावा.

अज्ञान शिकवण्याने जाते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली, ती याच विश्वासावर. पण शिकल्याने मूर्खपणा जातोच असे नाही. साताऱ्याजवळच्या सज्जनगडावर ज्यांची समाधी आहे, त्या समर्थ रामदासांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकात मूर्खाची लक्षणे पहिल्या समासात सांगितली आणि पढतमूर्खासाठी दहावा समास वेगळा राखला. जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट याने 1781 मध्ये लिहिले की मूर्खपणा म्हणजे निर्णयशक्तीचा अभाव, आणि त्यावर काही इलाज नाही. त्याचे निदान मला पूर्ण पटते. निराशा पटत नाही.

इलाज आहे, पण तो माहिती देण्याचा नव्हे. समोरचा अज्ञानी असेल तर त्याला त्याच्या भाषेत, आकड्यासह, एकदा नीट सांगावे. तो उलट प्रश्न विचारू लागला, म्हणजे आपली पारख बरोबर ठरली असे समजावे. तो प्रश्न न विचारता आपलेच वाक्य अधिक मोठ्या आवाजात म्हणू लागला, तर आणखी पुरावे देऊ नयेत, कारण प्रत्येक पुराव्यागणिक त्याचा हट्ट वाढतो आणि वेळ जातो. त्याऐवजी ‘काका, पाणी कुठवर आलं म्हणजे तुम्ही निघाल?’ असे आदराने विचारावे आणि उत्तर त्यांच्याच तोंडून येऊ द्यावे. स्वतःच्या बाबतीतही हाच प्रश्न लागू करावा, आणि तोही नदी कोरडी असताना, कारण पाणी अंगणात आल्यावर निर्णयशक्ती कोणाचीच ठिकाणावर नसते. मे महिन्यात घरातल्या सर्वांनी बसून आकडा ठरवावा, जनावरे किती फुटांना हलवायची आणि माणसे किती फुटांना, आणि तो स्वयंपाकघराच्या भिंतीवर, 2019 च्या रेघेशेजारी, ठळक अक्षरांत लिहून ठेवावा.