ब्रेड मशीनमध्ये शेपू-लसणाचा ब्रेड, आणि पाल्यातल्या पाण्याचा हिशोब

मशीनमध्ये साधा पांढरा ब्रेड जमायला लागला की पुढे हिरवा पाला, लसूण, मिरी घालून खमंग ब्रेड करावासा वाटतोच, आणि गडबड नेमकी तिथे होते. पुस्तिकेतली रेसिपी बहुतेक वेळा वाळलेल्या हर्ब्जची असते, आपण त्यात मुठीमुठीने ओली कोथिंबीर नाहीतर मेथी घालतो, आणि मग ब्रेड मधेच खचतो किंवा आतून चिकट राहतो. मशीनचा त्यात काही दोष नाही, पाल्यात किती पाणी आहे हे त्याला कळायला काही मार्गच नाही. तो हिशोब आपण ठेवायचा, बाकी सगळं ते करतं.

मी इथे शेपूचा ब्रेड सांगतेय. शेपूचं नाव काढलं की नाक मुरडणारे घरोघरी असतात, मला माहितीये, पण ब्रेडमध्ये शेपूचा उग्रपणा खूप कमी होतो आणि एक गोडसर वास राहतो. लसूण आणि दही बरोबर असेल तर भाजी न खाणारी माणसंसुद्धा दुसरी स्लाइस मागतात. खरंच करून बघा.

७००-७५० ग्रॅमच्या सेटिंगला लागणारं सामान: मैदा ३०० ग्रॅम, कणीक १०० ग्रॅम (बारीक दळलेली, चाळून), पाणी २१० मिली, घट्टसर दही ३ टेबलस्पून, तेल २ टेबलस्पून, साखर १ टेबलस्पून, मीठ दीड टीस्पून (८ ग्रॅमच्या आसपास), मिल्क पावडर २ टेबलस्पून, इन्स्टंट यीस्ट १ टीस्पून, लसणाच्या ६-७ पाकळ्या, जाडसर कुटलेली मिरी अर्धा टीस्पून, आणि बारीक चिरलेला शेपू साधारण ३० ग्रॅम म्हणजे अर्धी वाटी. वजनकाटा असेल तर तोच वापरा प्लीज, कपाने मैदा मोजला की दाबून भरला का सैल भरला यावर खूप फरक पडतो आणि मग पाण्याचं गणित पहिल्या पायरीलाच चुकतं. आपल्याकडच्या साध्या मैद्यात ब्रेडसाठीच्या खास पिठापेक्षा प्रोटीन सहसा कमी असतं, त्यामुळे ब्रेड उंच हवा असेल तर १ टेबलस्पून ग्लुटेन पावडर (ग्लुटेन म्हणजे पिठाला ताण देणारं गव्हातलं प्रोटीन) घालता येते, नसली तरी अडत नाही. पण कणीक निम्म्याच्या वर नेऊ नका, या रेसिपीत तरी नको.

आता लसूण. कच्चा लसूण वाटून सरळ पिठात घालायचा मोह होतो कारण वास मस्त येतो, पण कच्च्या लसणात जो तिखट वासाचा घटक तयार होतो तो यीस्टला मानवत नाही, शिवाय त्यामुळे ग्लुटेनही ढिलं पडतं, म्हणजे पीठ फुगत नाही आणि जे थोडंफार फुगतं तेही टिकत नाही. म्हणून लसणाचे काप रेसिपीतल्याच २ टेबलस्पून तेलात अगदी मंद आचेवर मऊ होईपर्यंत परता, लाल करू नका, लाल झाला की कडवट लागतो. पूर्ण गार करा आणि तेलासकट वापरा, वेगळं तेल घालायचं नाही. हाच नियम ओव्यालाही थोडाफार लागू आहे. ओव्यात थायमॉल असतं, थाइममध्येही तेच असतं, दोघांच्या वासात साम्य आहे ते त्यामुळेच, आणि थायमॉल जंतुनाशक असल्यामुळे जास्त झालं तर यीस्ट मंदावतं. ४०० ग्रॅम पिठाला अर्धा टीस्पून ओवा पुष्कळ झाला.

शेपू धुवा, जाड देठं काढा आणि मग चिरायच्या आधी कापडावर पसरून चांगला कोरडा होऊ द्या, ही पायरी अजिबात टाळू नका. पाल्याच्या आत भरपूर पाणी असतंच, त्यात वरचं धुतलेलं पाणी आलं की ब्रेड बसलाच म्हणून समजा. वरच्या सामानात पाणी मुद्दाम थोडं कमी धरलंय ते यासाठीच, कारण मीठ आणि मळण्याचा मार लागला की पाला पाणी सोडतो आणि पीठ आपोआप सैल होतं.

भांड्यात सामान घालायचा क्रम मशीनवर ठरतो, आपल्या पुस्तिकेत बघा. बऱ्याच मशीनमध्ये आधी पाणी, दही, तेल-लसूण, मीठ, साखर, मग मिल्क पावडर आणि पीठ, आणि सगळ्यात शेवटी पिठात छोटा खड्डा करून यीस्ट. काही मशीनमध्ये बरोबर उलटं, यीस्ट तळाला आणि पाणी शेवटी. मुद्दा एवढाच की मळणं सुरू होईपर्यंत यीस्ट कोरडं राहायला हवं. लगेच सुरू करणार असाल तर फार बिघडत नाही पण टायमर लावणार असाल तर नक्की बिघडतं. आणि या ब्रेडला रात्रभराचा टायमर लावूच नका, दही आहे, ओला पाला आहे, आपल्याकडच्या उकाड्यात ते तासन् तास बाहेर ठेवणं बरोबर नाही.

मिरी सुरुवातीलाच घाला. वाळलेलं ओरेगॅनो, रोझमेरी असलं काही वापरत असाल तर तेही सुरुवातीलाच, त्यांना भिजायला वेळ मिळतो. ओल्याच्या जागी वाळलेलं वापरायचं तर साधारण एक तृतीयांश घ्या. शेपू मात्र आत्ता नाही.

प्रोग्रॅम बेसिक, क्रस्ट मीडियम. रॅपिड नको, त्यात फुगायला पुरेसा वेळच मिळत नाही. मशीन सुरू केलं की निघून जाऊ नका. ५ ते १० मिनिटांनी झाकण उघडून गोळा बघायचा, मळताना झाकण उघडलेलं चालतं. पोळीच्या कणकेपेक्षा सैल पण पुरणपोळीच्या कणकेपेक्षा घट्ट असा गुळगुळीत गोळा पात्याबरोबर फिरायला हवा आणि भांड्याच्या कडा स्वच्छ दिसायला हव्यात. पीठ कोरडं, तुकडे तुकडे दिसत असेल तर १ टीस्पून पाणी, तळाला चिकटून लगद्यासारखं पसरत असेल तर १ टीस्पून मैदा, आणि प्रत्येक वेळी मिनिटभर थांबून परत बघायचं. पावसाळ्यात पीठ हवेतली ओल धरतं तेव्हा पाणी कमी लागतं, कोरड्या उन्हाळ्यात जास्त लागतं, म्हणून २१० हा आकडा दगडावरची रेघ धरू नका.

गोळ्याचं एवढं महत्त्व का, तर मळणं नीट व्हायला पीठ ताणलं जावं लागतं. १९८५ च्या सुमाराला ओसाकाच्या मात्सुशिता कंपनीत (नॅशनल आणि पॅनासॉनिक हे तेव्हा त्यांचेच ब्रँड होते) घरगुती ब्रेड मशीनवर काम चालू होतं तेव्हा मळणंच जमत नव्हतं, वरचा भाग करपायचा आणि आत कच्चं राहायचं. मग इकुको तानाका नावाच्या त्यांच्या सॉफ्टवेअर डेव्हलपरने ओसाका इंटरनॅशनल हॉटेलच्या मुख्य बेकरकडे जाऊन काम शिकून घेतलं आणि तिच्या लक्षात आलं की तो पीठ मळताना ते एका विशिष्ट पद्धतीने पीळ देत ताणतो. तो ताण मिळावा म्हणून मशीनमध्ये आतून खास उभ्या कडा दिल्या गेल्या. तुमच्या भांड्यात अशा कडा असतील तर पीठ त्यांना अडून ताणलं जातं, फार सैल पीठ नुसतं घसरत राहतं आणि फार घट्ट झालं तर पातं अडतं.

दुसऱ्या मळणीत बीप वाजतो तेव्हा शेपू घाला, थोडा थोडा. आधीपासून घातला तर त्याचा चेंदामेंदा होऊन सगळं पीठ हिरवट होतं. बीप नसेल तर शेवटची मळणी संपायच्या ५ मिनिटं आधी घाला. शेपू पडला की गोळा थोडा चिकट होईल, घाबरून भसाभस मैदा ओतू नका, २-३ मिनिटांत तो परत सावरतो. अगदीच नाही सावरला तर १ टेबलस्पून मैदा, त्यापेक्षा जास्त नाही. यानंतर झाकण उघडायचं नाही, फुगताना आणि भाजताना आतली ऊब गेली की वरचा भाग खाली बसतो.

एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात फ्रीजमधलं गार पाणी घ्या आणि यीस्ट पाऊण टीस्पून करा, नाहीतर पीठ भाजायच्या आधीच जास्त फुगून कोसळतं. थंडीत पाणी कोमट, गरम नाही.

लाईट गेली तर काय, हा आपल्याकडचा खरा प्रश्न. काही मशीन थोड्या मिनिटांपर्यंत जिथे थांबलं तिथून पुढे सुरू होतात, तुमचं किती वेळ थांबतं ते आधीच बघून ठेवा. मळताना गेली आणि लवकर आली तर पुन्हा सुरुवातीपासून लावा, काही बिघडत नाही. फुगताना गेली तर पीठ तेल लावलेल्या टिनमध्ये काढून झाकून ठेवा आणि दुप्पट झालं की ओव्हनमध्ये १८० डिग्रीला ३५-४० मिनिटं भाजा, लाईट यायच्या आत दुप्पट झालं तर टिन फ्रीजमध्ये सरकवा. भाजतानाच गेली तर लाईट आल्यावर मशीनचा फक्त 'बेक' प्रोग्रॅम लावा.

झालं की लगेच बाहेर काढा. भांड्यात राहिला तर वाफेने खालून ओला होतो. किचन थर्मामीटर असेल तर आत ९३-९५ डिग्री यायला हवं. खाली पातं अडकलंय का बघा, ब्रेड जाळीवर ठेवा आणि निदान तासभर सुरीला हात लावू नका, गरम कापला की आतला भाग गोळा होऊन चिकटतो आणि आपल्याला वाटतं कच्चा राहिला.

मधे खड्डा पडला असेल तर पाणी नाहीतर यीस्ट जास्त झालं किंवा मीठ कमी पडलं. बुटका आणि जड झाला तर पाणी कमी किंवा यीस्ट जुनं. यीस्टची शंका असेल तर चिमूटभर साखरेच्या कोमट पाण्यात अर्धा टीस्पून टाकून १० मिनिटं ठेवा, फेस आला नाही तर सरळ टाकून द्या. उघडलेलं पाकीट हवाबंद डब्यात फ्रीजरमध्ये छान टिकतं.

शेपूऐवजी मेथी चालते पण २० ग्रॅमच घ्या, कडूपणा येतो. कोथिंबीर घातली तर भाजल्यावर वास बराच उडतो, म्हणून तिच्याबरोबर १ टीस्पून कुटलेले धने घाला. किसलेलं चीज घालणार असाल तर मीठ सव्वा टीस्पूनवर आणा.

यात प्रिझर्व्हेटिव्ह काही नाही, मुंबई-कोकणच्या दमट हवेत दोन-तीन दिवसांत बुरशी दिसू शकते. फ्रीजमध्ये ठेवू नका, तिथे ब्रेड लवकर कडक होतो. पूर्ण गार झाला की स्लाइस कापून पिशवीत घालून फ्रीजरमध्ये टाका आणि लागेल तेव्हा एकेक स्लाइस तशीच गोठलेली तव्यावर बटर लावून भाजा.