एक्सल बूटमध्ये ग्रीस: कोणतं घालायचं आणि किती ग्रॅम

एक्सल म्हणजे पुढच्या चाकाला फिरवणारा शाफ्ट. त्याच्या दोन्ही टोकांना वाकणारे जॉइंट असतात आणि त्यांच्यात ग्रीस धरून ठेवणारं घड्यांचं रबरी आवरण म्हणजे बूट. रिमच्या आतल्या बाजूला आणि लोअर आर्मवर (चाक धरणाऱ्या खालच्या दांडीवर) काळ्या ग्रीसचे फराटे उडालेले दिसले, की बाहेरचा बूट फाटला असं समजावं. स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी हळू चालवली आणि कटकट आवाज आला नाही, तर जॉइंट अजून वाचण्यासारखा असतो. नाशिकच्या आसपास तर बूट बदलायला वेळ दवडू नये. निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षबागांच्या कच्च्या रस्त्यांवरची काळी माती ओली असताना बुटाच्या घड्यांत चिकटते आणि वाळली की पिठासारखी बारीक होऊन चिरेतून आत जाते. पावसाळ्याआधी, मे महिन्यातच चारही बूट बघून घ्यावेत. स्टिअरिंग एका टोकाला वळवून घड्या उघडायच्या आणि बोट आत घालून पाहायचं, कारण चिरा घडीच्या तळाशी पडतात, वरून दिसत नाहीत.

बूट बदलण्यात सर्वाधिक चुका ग्रीसमध्येच होतात. गॅरेजमध्ये एपी-३ किंवा एमपी-३ या साध्या सर्वोपयोगी ग्रीसचा मोठा डबा उघडाच असतो, तेच हाताने काढून बूट गच्च भरला जातो. यात एकदम दोन गोष्टी चुकतात.

पहिली चूक ग्रीसच्या जातीची. बाहेरच्या, म्हणजे चाकाकडच्या जॉइंटमध्ये सहसा सहा गोळ्या असतात. वळणावर त्या खाचेत नुसत्या फिरत नाहीत, दाबाखाली घासतही जातात. तिथे लिथियम ग्रीसमध्ये मोलिब्डेनम डायसल्फाइड मिसळलेलं काळं ग्रीस लागतं, मॉलीचं प्रमाण साधारण ३ टक्के. व्हील बेअरिंगच्या साध्या ग्रीसमध्ये ही मॉली नसते, त्यामुळे खाचेवर लवकर खड्डे पडतात. ग्राफाइट ग्रीस काळं दिसतं म्हणून तेही चालवलं जातं. ते चेन आणि पट्टी स्प्रिंगसाठी ठीक आहे, इथे नको.

आतला, गिअरबॉक्सकडचा जॉइंट बहुतेक लहान गाड्यांत तीन रोलरचा, ट्रायपॉड जातीचा असतो. रोलरच्या आत सुई बेअरिंग असतात. सुयांनी फिरायला हवं, घसरायला नको. म्हणून अनेक कंपन्या तिथे मॉली नसलेलं किंवा कमी मॉलीचं, बऱ्याचदा पॉलियुरियावर बनवलेलं पिवळसर ग्रीस देतात. बूट किटमध्ये ग्रीसची काळी आणि पिवळी अशी दोन पाकिटं आली, तर काळं बाहेरच्या आणि पिवळं आतल्या जॉइंटला, असा बऱ्याच किटांचा रिवाज आहे. तरी रंगावर भरवसा ठेवू नये, पाकिटावरचा किंवा किटच्या कागदावरचा मजकूर वाचावा. लिथियम आणि पॉलियुरिया ग्रीस एकमेकांत मिसळलं तर बहुतेक वेळा पातळ होऊन वाहू लागतं. म्हणूनच जुन्या ग्रीसवर नवं चोपडणं चालत नाही.

जुनं ग्रीस अंगठा आणि बोटात चोळून बघा. कचकच लागली तर माती गेली आहे, दुधाळ करडं झालं असेल तर पाणी. दोन्ही बाबतीत जॉइंट पूर्ण धुवायचा. रॉकेल किंवा डिझेलमध्ये ब्रश फिरवा आणि आतली रिंग एकेका बाजूला तिरपी करून प्रत्येक गोळीखालची घाण काढा. मग ब्रेक क्लीनर मारून पूर्ण वाळू द्या. आत रॉकेल राहिलं तर नवं ग्रीस पातळ होईल. गोळीच्या खाचेत नखाला लागेल असा खड्डा दिसला, तर ग्रीसवर खर्च करू नका, जॉइंटच बदला.

दुसरी चूक मापाची. कारखान्याचा आकडा वजनात असतो. लहान हॅचबॅकमध्ये बाहेरच्या जॉइंटला ढोबळमानाने ६० ते ९० ग्रॅम आणि आतल्याला ८० ते १३० ग्रॅम लागतात. मोठ्या सेडान आणि एसयूव्हीत आकडे वाढतात. हे फक्त अंदाजासाठी. खरं माप गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये किंवा ओरिजिनल किटच्या पाकिटावर असतं. मॅन्युअल हाताशी नसेल तर ओरिजिनल किट घेणं सगळ्यात सोपं, कारण त्या पाकिटाचं वजन हेच तुमचं माप.

किटचं पाकीट असलं तरी ते कोपऱ्यातून कापून टूथपेस्टसारखं स्क्रूड्रायव्हरच्या दांड्यावर गुंडाळत पिळावं, नाहीतर चार-पाच ग्रॅम आतच चिकटून राहतं. मोठ्या डब्यातून घ्यायचं असेल तर स्वयंपाकघरातला एक ग्रॅम दाखवणारा काटा घ्या आणि दुधाची धुऊन वाळवलेली पिशवी. तिच्यात ग्रीस भरून मेंदीचा कोन करतात तसा कोन करा, टोक कापा आणि वजन करा. समजा भरलेला कोन १४२ ग्रॅम भरला आणि घालायचंय ८० ग्रॅम, तर कोन ६२ वर येईपर्यंत पिळायचं. काटा नसेल तर ६० मिलिलिटरची मोठी सिरिंजही चालते. ग्रीसची घनता साधारण ०.९ धरली तर भरलेली सिरिंज ५४ ग्रॅमच्या आसपास होते. चमच्याने मोजू नका, भरलेल्या आणि सपाट चमच्यात दीडपटीचा फरक पडतो.

ग्रीस कुठे जातं यावरही बरंच अवलंबून आहे. बाहेरचा जॉइंट शाफ्टपासून सुटला असेल तर तोंड वर करून शिकंज्यात धरा, मधल्या दात्यांच्या भोकात कोनाचं टोक खुपसा आणि गोळ्यांच्या कडेने ग्रीस बाहेर डोकावेपर्यंत दाबा. रिंग हलवून पुन्हा दाबा. ८० पैकी ५० ग्रॅम तरी असं जॉइंटच्या पोटात जायला हवं, उरलेलं बुटाच्या मोठ्या, जॉइंटकडच्या तोंडाजवळ. काही मॉडेलांत बाहेरचा जॉइंट शाफ्टपासून सोडवायचाच नसतो. अशा वेळी आतला ट्रायपॉड उतरवून दोन्ही बूट त्या टोकाने सरकवतात आणि बाहेरच्या जॉइंटला तिरपा करत एकेका गोळीच्या बाजूने ग्रीस भरतात. वेळ लागतो, पण घाई केली तर मागच्या गोळ्या कोरड्या राहतात.

ट्रायपॉड उतरवण्याआधी स्पायडर (रोलर बसवलेला तीन हातांचा भाग) आणि शाफ्टवर खूण करा आणि रोलर टेपने बांधा, नाहीतर निसटलेल्या सुया जमिनीवर शोधत बसावं लागेल. बसवताना आतल्या कपात निम्म्याहून जास्त ग्रीस घाला, रोलरला चोपडा, बाकीचं बुटात. एक्सल गिअरबॉक्समधून ओढला असेल तर वाहून गेलेलं गिअर ऑइल भरून काढायला विसरू नका. इथली बुटातली गळती आणि ऑइल सीलची गळती सारखीच दिसते.

बूट गच्च का भरू नये? जॉइंट वाकतो, आतला तर लांबही-आखूडही होतो, शिवाय ग्रीस तापून फुगतं. मोकळी जागा नसेल तर दाब बुटाची दोन्ही तोंडं आवळणाऱ्या क्लिपवर येतो, बूट फुग्यासारखा ताणतो आणि काही दिवसांत लहान तोंडाने ग्रीस बाहेर पडू लागतं. कमी भरलं तर फिरण्याच्या वेगाने ते बुटाच्या भिंतीकडे फेकलं जातं आणि गोळ्या कोरड्या चालतात.

बूट बसायच्या दोन्ही जागांवरून ग्रीसचा पुसटसा हातही पुसून काढा. तेलकट जागेवर क्लिप घसरते. आधी मोठी क्लिप दाबा, मग जॉइंट मॅन्युअलमधल्या लांबीवर ठेवून लहान तोंडाखाली बोथट स्क्रूड्रायव्हर घाला आणि हवा निघू द्या. घड्या आत ओढलेल्या किंवा फुगलेल्या दिसायला नकोत. मगच लहान क्लिप. केबल टाय हा तात्पुरताही इलाज नाही. चिकटवून जोडायचे कापीव बूट घरापर्यंत गाडी नेण्यापुरते वापरावेत. कसाऱ्याचा घाट त्यांच्या भरवशावर उतरू नये.

हब नट (चाकाकडच्या टोकाला एक्सल धरणारा मोठा नट) मॅन्युअलमधल्या टॉर्कवर आवळा, जुना ठोकलेला नट पुन्हा वापरू नका. गाडी वीसेक किलोमीटर चालवून, स्टिअरिंग दोन्ही बाजूंना वळवून लहान क्लिपपाशी पांढरा कागद लावून बघा. पहिल्या दिवशी पुसट तेलकट डाग आला आणि पुसल्यावर थांबला, तर तो बसवतानाचाच असतो. ५०० किलोमीटरनंतरही कागद काळा होत असेल तर क्लिप सोडा, जागा पुसा आणि नवी क्लिप लावा. उडून गेलेलं ग्रीस मात्र अंदाजाने भरू नका. बूट मागे सरकवा, आतलं पुसून काढा आणि पूर्ण माप पुन्हा तोलून घाला.