मुलांना जोरदार अ‍ॅलर्जी आली तर या चुका टाळा

अंगावर पित्त उठलं की आपल्याकडे आमसुलाचं पाणी लावायचं, सिट्रीझिन द्यायची आणि झोपवायचं. नुसत्या गांध्या असतील तर चालतं हो, पण त्याच्याबरोबर आवाज घोगरा झाला, खोकला थांबेना, श्वासाला शिट्टीसारखा आवाज यायला लागला, जीभ सुजली किंवा पोरगं एकदम मलूल पडलं तर ती जिवावर बेतणारी अ‍ॅलर्जी, म्हणजे अ‍ॅनाफिलॅक्सिस, आणि तिथे गोळीची वाट बघत बसणं हीच सगळ्यात मोठी चूक. सिट्रीझिनने खाज कमी होते, आवळत चाललेला श्वास मोकळा होत नाही की घसरलेलं बीपी वर येत नाही, ते काम अ‍ॅड्रेनलिनच्या इंजेक्शनचं.

"अंगावर तर काहीच दिसत नाहीये" यावरही जाऊ नका. 10 ते 20 टक्के केसेसमध्ये कातडीवर काहीच येत नाही. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेल्या पोराने कूट घातलेली कोशिंबीर खाल्ली, किंवा गांधीलमाशी चावली, आणि लगेच उलट्या न् धाप सुरू झाली, तर ही जीवघेणी अ‍ॅलर्जी समजायला तेवढं पुरे आहे.

आणि प्लीज, त्याला चालवत नेऊ नका, स्कूटरवर मधे उभं करून तर नकोच! बीपी पडलेलं असताना उभं केलं तर जिवावर बेतू शकतं. आडवं झोपवा, पाय वर ठेवा, धाप लागली असेल तर बसू द्या, 108 ला फोन करा. बोटं घालून उलटी काढायची नाही, पाणीही पाजायचं नाही.

इंजेक्शन मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मधोमध, स्नायूत, कमरेत नाही. डोस किलोमागे 0.01 मिलीग्रॅम, मुलांना जास्तीत जास्त 0.3, म्हणजे 15 किलोच्या पोराला 1 मिलीग्रॅम प्रति मिलीच्या अँप्युलमधलं (काचेच्या छोट्या कुपीतलं) फक्त 0.15 मिली. 5 मिनिटांत फरक नाही पडला तर दुसरा डोस देतात. बरं वाटलं म्हणून लगेच घरीही आणू नका, काही तासांनी त्रास परत उसळू शकतो, डॉक्टर थांबा म्हणाले तर थांबा.

ज्यांच्या पोराला आधी असं झालंय त्यांनी डॉक्टरांकडून घरी ठेवायचं इंजेक्शन लिहून घ्या, कसं टोचायचं ते त्यांच्यासमोर करून बघा, शाळेतल्या बाईंनाही दाखवा. ते फ्रीजमध्ये किंवा उन्हातल्या गाडीत ठेवायचं नाही, आणि औषध तपकिरी दिसायला लागलं की एक्स्पायरी बाकी असली तरी नवीन आणायचं.