ओएफएस, एफपीओ, राइट्स: लाभांशासाठी शेअर धरणाऱ्यांनो, या चुका टाळा

सरकार कोल इंडियाचे शेअर विकतंय अशी बातमी आली की लाभांशावर महिन्याचा खर्च भागवणारे घाबरतात आणि आपलेही शेअर विकून मोकळे होतात. पहिली चूक हीच. जानेवारी 2015 मध्ये सरकारने कोल इंडियातला 10 टक्के हिस्सा ओएफएसमधून (ऑफर फॉर सेल, म्हणजे मोठ्या भागधारकाने आपल्याकडचे जुने शेअर बाजारात विकणं) विकला. किमान भाव 358 रुपये. त्यातला एक रुपयाही कंपनीच्या तिजोरीत गेला नाही आणि एकही नवा शेअर निघाला नाही. मालक बदलले, वाटेकरी तेवढेच राहिले. बाजारात माल वाढल्याने भाव काही दिवस दबतो, पण लाभांशाचं गणित बदलत नाही.

एफपीओला (आधीच बाजारात असलेल्या कंपनीने लोकांना पुन्हा शेअर विकायला काढणं) मात्र हाच न्याय लावू नका. डिसेंबर 2013 मध्ये पॉवर ग्रिड या वीज वाहून नेणाऱ्या सरकारी कंपनीचा एफपीओ 90 रुपयांनी आला. त्यात सरकारचे जुने शेअर होते, शिवाय 60 कोटी नवेही होते. कंपनीचे एकूण शेअर सुमारे 463 कोटींवरून 523 कोटींवर गेले. म्हणजे प्रति शेअर तेवढाच लाभांश टिकवायचा तर 13 टक्के जास्त रक्कम वाटायला हवी!

पण इथेच हिशेब थांबवणं ही दुसरी चूक. आलेला पैसा जाणार कुठे? पारेषण वाहिन्यांवर तेव्हा नियामक आयोगाने भागभांडवलावर 15.5 टक्के परतावा ठरवून दिला होता. तो सुरू होतो वाहिनी कार्यान्वित झाल्यावर. तोवर नवे शेअर नुसतेच पंगतीला बसलेले. म्हणून मी माहितीपत्रकात सगळ्यात आधी निधी कशासाठी वापरणार ते पान उघडतो आणि प्रकल्प कधी पूर्ण होणार ते पाहतो. कंपनी नेहमीचे खर्च भागवायला किंवा लाभांश टिकवायला वारंवार शेअर काढत असेल, तर तिथे थांबू नये असं माझं ठाम मत आहे.

राइट्समध्ये, म्हणजे कंपनी आधीच्या भागधारकांना नवे शेअर घ्यायचा हक्क देते तेव्हा, होणारं नुकसान तर निव्वळ दुर्लक्षामुळे होतं. डीमॅटमध्ये कंपनीच्या नावापुढे ‘आरई’ लावलेली एक वेगळी ओळ दिसते. ते तुमचे हक्क (राइट्स एन्टायटलमेंट). अर्ज करा, नाहीतर विका. काहीच केलं नाही तर ते रद्द होतात, आणि नवे शेअर आल्याने कंपनीतला तुमचा वाटाही घटतो. विक्रीची मुदत इश्यू बंद होण्याच्या काही दिवस आधीच संपते, ती तारीख वेगळी लिहून ठेवा.